वर्ला टीगन गाडी थांबवते तेव्हा

आमच्या लिंडेन क्रॉसिंग गावात वर्ला टीगनला ओळखत नाही असा माणूस म्हणजे एक तर पाळण्यातला, नाहीतर हेगलंड कॉलेजचा नवा प्राचार्य. बाकी सगळ्यांना तिने कधी ना कधी शाळेत पोचवलंय. सत्तावीस वर्षं तिने शाळेची पिवळी बस चालवली, नऊ नंबरची. बर्फ असो, चिखल असो, मक्याच्या शेतांमधल्या खडीच्या रस्त्यांवरून गाडी वेळेवर यायची म्हणजे यायची. आणि एवढ्या वर्षांत तिने पोरांवर एकदाही आवाज चढवला नाही. आवाज नव्हता असं नाही हो! वर्ला चर्चमध्ये आमेन म्हणाली की बाहेर गाड्यांमध्ये झोपलेली कुत्री उठून बसायची. पण बसमध्ये तिची रीत वेगळी होती.

पोरांनी दंगा केला की ती गाडी कडेला घ्यायची आणि थांबवायची. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. मागे वळणं नाही, आरशात बघणं नाही, एक शब्द नाही. आधी पोरं खिदळायची. मग कुजबुजायची. मग कोणीतरी म्हणायचं, "अरे गप बसा ना, उशीर होतोय." मग सगळीकडे चिडीचूप. शेवटी ज्याने कुणी केलं असेल तो आपणहून उठायचा, मान खाली घालून "सॉरी, मिसेस टीगन" म्हणायचा, आणि गाडी हलायची. आमच्या गावात आज जी चाळिशी-पन्नाशीची माणसं जरा बरी वागतात, ती आई-बापांमुळे नाही. नऊ नंबरच्या बसमुळे.

मी आर्डिस. हेगलंड कॉलेजात प्राचार्यांच्या ऑफिसात काम करायचे, आणि विश्वस्त मंडळाच्या बैठकीत कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहायचे. माझ्यासमोर चार प्राचार्य आले आणि गेले. दर वेळी नवा गालिचा आला, मी मात्र तीच. तोंडाची फटकळ आहे असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

वर्लाला कॉलेजात जायचं सुचलं ते शेहेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही बसमधल्या एका शेंबड्या मुलीमुळे. तिने मागून विचारलं, "मिसेस टीगन, रोमचं राज्य का बुडालं?" वर्ला म्हणाली, "गुरुवारी सांगते." गुरुवारपर्यंत काही जमलं नाही, म्हणून बाईने थेट संध्याशाळेत नाव घातलं.

ही संध्याशाळा म्हणजेच खरं हेगलंड कॉलेज. इन्गेबोर्ग हेगलंड नावाच्या विधवेने शेतावर राबणाऱ्या मुलींसाठी ती आपल्या दूधघरात सुरू केली. मुली दिवसभर कामाला, म्हणून दूधघराच्या दारावर तिने दगडात कोरून घेतलं: "वर्ग दूध काढून झाल्यावर भरतील." बाकीचं कॉलेज, म्हणजे दिवसाचे वर्ग, वसतिगृहं, फुटबॉलचं मैदान, हे सगळं नंतरचं. पण दूधघरातली संध्याशाळा चालूच राहिली. गाई गेल्या, मग कारखान्यातली माणसं यायला लागली, दवाखान्यातल्या आया, ट्रकवाले, आणि एक बस ड्रायव्हर.

वर्लाला पदवी मिळायला नऊ वर्षं लागली, एका वेळी एकच विषय घेऊन. नवरा मर्ल म्हणायचा, "अगं, एवढ्यात रोम पुन्हा बांधून झालं असतं!" पण पदवीदानाला तोच पहिल्या रांगेत, गोठ्यातले बूट घालून, नाक शिंकरत बसला होता. आणि ती शेंबडी मुलगी तोवर किराणा दुकानात काउंटरवर उभी राहायला लागली होती. वर्लाने तिला गाठलं आणि उत्तर दिलं, "अगं, उत्पन्नापेक्षा खर्च जास्त, आणि वरची सगळी माणसं एकमेकांना हो म्हणणारी." मुलगी म्हणाली, "कशाबद्दल बोलताय?"

आता कॉलेजचं रडगाणं थोडक्यात सांगते. फी अठ्ठेचाळीस हजार डॉलर. ती कोणीच भरत नाही. आधी आकडा फुगवायचा, मग प्रत्येकाला "तुमच्या गुणवत्तेबद्दल" म्हणून निम्म्याहून जास्त सूट द्यायची. आमच्या फर्निचरवाल्याच्या दारावर बारा महिने "दुकान बंद होतंय, शेवटचा सेल" अशी पाटी असते, तशातलीच गत. आई-बाप खूश, पोरगं हुशार ठरलं, तिजोरी रिकामी. तिजोरी भरायची तर पोरं जास्त हवीत. पोरं यावीत म्हणून नवं वसतिगृह, कर्ज काढून. वसतिगृहात राहावीत म्हणून आत दोर लावून खेळायला चढायची भिंत, तीही कर्ज काढून. ऋण काढून सण म्हणतात तो हाच. आणि विद्यार्थी जसजसे कमी झाले तसतसे उपप्राचार्य वाढत गेले. एक उपप्राचार्य नुसते विद्यार्थ्यांच्या आनंदासाठी नेमले होते. त्यांना हसताना मी कधी पाहिलं नाही.

मग शिकागोहून सल्लागार आले. चार महिने हिंडले, कँटीनमधल्या रूबार्बच्या वड्या संपवल्या आणि कॉलेजला नवं ध्येयवाक्य देऊन गेले: "पुढे. एकत्र. उंच." कुठे, कोणाबरोबर, कशासाठी, काही नाही. प्राध्यापक चिडले. त्यांनी सभा बोलावली आणि निषेधाच्या ठरावात "चिंता" लिहायचं की "तीव्र चिंता" यावर इतका खल केला की कोणी हलेचना, आणि माणूस हलला नाही की आपोआप विझणारे आमचे ते नवे दिवे विझले. अंधारात कोणीतरी सभा तहकूब केली. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी!

अशात मंडळावर वर्ला आली कशी? तर विश्वस्तांमध्ये एक जागा माजी विद्यार्थ्यांनी निवडून द्यायची असते. कॉलेजने ठरवलेला उमेदवार होता मिनिआपोलिसचा एक वकील. पण निवडणूक दिसायला हवी, म्हणून समोर शोभेला कोणीतरी हवं. कोणीतरी म्हणालं, ती बसवाली बाई घ्या, संध्याशाळेची. घेतली. आणि नऊ नंबरच्या बसमधून शाळेत गेलेले, नंतर हेगलंडमध्ये शिकलेले, देशभर पांगलेले सगळे जण मतं द्यायला तुटून पडले! वकिलाला त्याच्या बायकोचं तरी मत मिळालं की नाही देव जाणे.

मंडळाचा चेअरमन व्हिट कारमोडी. लोकांचं नको असलेलं सामान भाड्याने ठेवून घ्यायची गोदामं बांधून माणूस गबर झालेला. राहतो शिकागोजवळ, बैठकीला विमानाने येतो. वाईट नाही, दिलदार आहे, फक्त जे देईल त्यावर त्याचं नाव लागलं पाहिजे. वाचनालयातल्या पाणी प्यायच्या नळावरसुद्धा आहे. त्याने पहिल्याच दिवशी वर्लाला मंडळाची जुनी रीत समजावली: कोणीही ठराव मांडला की सगळ्यात नव्या विश्वस्ताने अनुमोदन द्यायचं. "म्हणजे नवा माणूस जागा राहतो," कारमोडी हसत म्हणाला. "सोपं काम आहे. एक शब्द."

दोन वर्षं नवं कोणी आलंच नाही, त्यामुळे ते काम वर्लाच्याच गळ्यात राहिलं. गालिचाचा ठराव, "अनुमोदन!" भिंतीचा ठराव, "अनुमोदन!" आनंदाचे उपप्राचार्य, "अनुमोदन!" पहिल्या वेळी त्या आवाजाने एकाने कॉफी सांडली होती. नंतर सवय झाली. बैठक संपली की चेअरमन म्हणायचा, "एकमताने लिहूया ना?" आणि मी लिहायचे, एकमताने.

"तुला पटतं का गं हे सगळं?" मी तिला एकदा विचारलं.

"गाडी माझी नाही, रस्ता माझ्या ओळखीचा नाही," ती म्हणाली. "आधी रस्ता तर बघू दे."

आणि मग त्या सप्टेंबरात पुढच्या बैठकीचे कागद माझ्याकडे टाइप करायला आले. त्यात ठराव होता: संध्याशाळा डिसेंबरअखेर बंद करावी आणि दूधघराच्या जागी "कारमोडी स्वागत केंद्र" उभारावं. संध्याशाळा तोट्यात नव्हती. पण संध्याकाळची माणसं वसतिगृहात राहत नाहीत, कँटीनमध्ये जेवत नाहीत, भिंत चढत नाहीत. सल्लागारांच्या शब्दांत सांगायचं तर, प्रतिमेत बसत नाहीत. मी टाइप करता करता दोनदा उठले आणि दोनदा बसले. मग कागद पर्समध्ये घालून थेट वर्लाकडे गेले.

वर्लाच्या स्वयंपाकघरात येसेनिया होती. समोरच्याच घरात राहायची. ग्वाटेमालाहून लहानपणी आलेली, पहाटे पाचला डुकराच्या मांसाच्या कारखान्यात कामाला जाणारी, आणि संध्याकाळी दूधघरात शिक्षिकेच्या पदवीसाठी बसणारी. ती वर्गात असताना तिच्या दोन मुलींना वर्ला सांभाळायची. मर्ल गेल्यापासून वर्लाच्या घरात आवाज होता तो या दोन पोरींचाच. येसेनियाची दोनच सत्रं उरली होती. हे चालू असलेलं, आणि वसंतातलं एक. डिसेंबरात शाळा बंद झाली तर दुसरं कॉलेज सत्तर मैलांवर, आणि तिथे तिचे निम्मे विषय धरणार नव्हते. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, तेही कारखाना आणि दोन पोरी सांभाळून. जमणारच नव्हतं.

मी कागद वाचून दाखवला. येसेनिया एक ताट पुसत होती. तेच ताट ती पुसतच राहिली.

"दोन्या वर्ला," ती म्हणाली, कारण ती वर्लाला तिच्या स्पॅनिशमध्ये मानाने तशीच हाक मारते, "तुम्ही बोलणार ना?"

"बोलणार म्हणजे? चांगली चार पानं लिहून बोलणार."

"बोलशील गं, पण कधी?" मी म्हटलं. "आमच्याकडे चर्चा अनुमोदनानंतर असते. अनुमोदन दिल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही."

"आणि अनुमोदन कोण देणार?"

"तूच की."

वर्लाने चष्मा काढला. "म्हणजे आधी मीच गाडी खड्ड्यात घालायची, आणि मग खड्डा आहे म्हणून ओरडायचं?"

"रीत आहे बाई. पुढे बाकीचे सगळे एका बाजूला, तू एकटी दुसऱ्या. मग तो म्हणणार, एकमताने लिहूया ना? आणि मी लिहिणार."

"तू लिहिशील?"

"माझं कामच ते आहे."

येसेनियाने ताट ठेवलं. "होऊ द्या हो," ती हसत म्हणाली. "डुकरं मला सोडत नाहीयेत, दुसरं काय? माझ्यावर जीव जडलाय त्यांचा." आणि ती मुलींना बोलवायला बाहेर गेली, ती बराच वेळ आलीच नाही.  कोणावर रागवावं ते मला कळेना, म्हणून मी वर्लाची कॉफी पातळ आहे म्हणून तिच्यावरच डाफरले.

ऑक्टोबरातली बैठक. बाहेर मक्याची कापणी चाललेली, आत लांब टेबल, तेवीस विश्वस्त, कोपऱ्यात मी. वर्ला निळा कोट घालून आली होती, चार पानांची घडी समोर. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. शेजारी कर्ट मेल्बी बसला होता, आमच्या बँकेचा मॅनेजर. सत्तेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला गृहस्थ, पण तोही नऊ नंबरचाच. मंडळावर असे तिघं होते.

ठराव आला तेव्हा कारमोडीने एक गंमत केली. इमारतीला नाव त्याचं, तर ठरावालाही नाव आपलंच हवं, सूचक म्हणून. चेअरमनच्या खुर्चीवरून स्वतःच ठराव मांडणं बरं दिसत नाही, म्हणून त्याने तेवढ्यापुरती खुर्ची उपाध्यक्षांना दिली. उपाध्यक्ष म्हणजे पास्टर लुंड. वय एक्याऐंशी, ऐकू कमी, आणि जन्मभर चर्चमध्ये मौन प्रार्थना घेतलेला माणूस. कारमोडी उभा राहिला, छान बोलला, दूधघराला "भावपूर्ण निरोप" वगैरे म्हणाला आणि बसला.

पास्टर लुंड म्हणाले, "अनुमोदन?"

सगळ्यांनी सवयीने वर्लाकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं. मी पेन टेकवलं.

आणि तिने तोंड मिटलं. दोन्ही हात उचलले, टेबलाच्या कडेवर ठेवले, जरा अंतर ठेवून. नजर समोर, खिडकीबाहेर, मक्यात.

मला आधी कळलंच नाही. पण कर्ट मेल्बीला कळलं. बिस्किट तोंडाकडे नेत होता, ते त्याने खाली ठेवलं. पाठ ताठ केली. हात मांडीवर घेतले. टेबलाच्या त्या टोकाला दुसऱ्या दोघांचंही तेच. तिघं मोठाले घोडे, पण दहा वर्षांच्या पोरांसारखे बसले!

"मिसेस टीगन?" कारमोडी हसत म्हणाला. "एक शब्द."

वर्ला हलली नाही. कोणीतरी खिदळलं. कोणीतरी कुजबुजलं. प्राचार्यांनी घसा खाकरला. आता बघा, बाकीच्या बाविसांपैकी कोणीही "अनुमोदन" म्हणू शकलं असतं. नवख्यानेच म्हणायचं ही फक्त रीत, नियम थोडाच आहे? पण मत देताना हात गर्दीत जातो. अनुमोदक म्हणून नाव एकट्याचं लागतं, आणि गावच्या पेपरात छापून येतं. सगळ्यांना ठराव हवा होता, पण त्याच्यापुढे स्वतःचं नाव कोणालाच नको होतं. आणि हे त्या शांततेत एकेकाला उमगत गेलं. माझ्या डोळ्यांसमोर उमगत गेलं. एक जण छताकडे बघायला लागला, एक जण समोरचं बिस्किट न्याहाळायला लागला. एका बाईंनी पर्स उघडली आणि त्यात मान घातली.

"अरे, कोणीतरी बोला!" कारमोडी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

पास्टर लुंड मात्र निवांत. शांततेने त्यांना काय होणार? डोळे मिटून हात जुळवून बसले होते. मग त्यांनी डोळे उघडले, चष्म्यावरून सगळीकडे एकवार पाहिलं आणि म्हणाले, "अनुमोदन नाही. ठराव पडला. आता जेवू या."

जेवणाला कोंबडी होती. 

नंतर जिन्यात कर्ट मेल्बी वर्लाजवळ आला. "मिसेस टीगन," तो खाली बघत म्हणाला, "ते बीट. लोणच्यातलं. चौथीत असताना बसमध्ये मीच फेकलं होतं."

"माहीत आहे मला."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू उठायची वाट बघत होते," वर्ला म्हणाली. "सीटवर डाग आहे अजून."

पार्किंगमध्ये मी तिला धरलं. "खरं सांग, आधीच ठरवलं होतंस ना?"

"छे गं! अनुमोदन द्यायलाच तोंड उघडलं होतं. चार पानं वाचायची होती मला. पण सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले ना, तेव्हा एकदम बस भरल्यासारखी वाटली. हात आपोआप गेले." मग तिने ती चार पानं माझ्या हातात कोंबली. "घे. टाइप कर, नाहीतर पेटवायला घे."

मंडळ वर्षातून दोनदाच बसतं, ऑक्टोबर आणि मे. म्हणजे वसंतातलं सत्र वाचलं. येसेनियाला सांगायला गेलो तर तिने दोघींनाही अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकला. तो मी अजून तसाच वापरते.

पण कारमोडी थोडाच गप्प बसणार? मेपर्यंत त्याने रिकाम्या जागेवर नवा विश्वस्त आणला. त्याच्या गोल्फमधला मित्र, दातांचा डॉक्टर. आता सगळ्यात नवा तो. ठराव पुन्हा आला आणि डॉक्टरसाहेब अगदी दात काढल्यासारखे चटकन म्हणाले, "अनुमोदन." आम्ही सगळे वर्लाकडे बघत राहिलो. पण तिच्या हातात आता स्टिअरिंग नव्हतं.

चर्चेत तिला पाच मिनिटं मिळाली. चार पानं तिने आणली नव्हती. "मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "दारावरची ती ओळ तुम्ही काढणार आहात, की तशीच ठेवणार आहात?"

"जपून ठेवू," कारमोडी म्हणाला. "स्वागत केंद्रात काचेत लावू."

"काचेत नको. वर्ग भरत नसतील तर ती ओळ खोटी आहे. मला देऊन टाका."

मग मतं झाली. बारा विरुद्ध दहा, दोघं आलेच नव्हते. ठराव मंजूर. कारमोडीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि सवयीने म्हणाला, "एकमताने लिहूया ना?"

"नाही," कर्ट मेल्बी म्हणाला. उभा राहून म्हणाला, घामाघूम होऊन. "आकडे लिहा."

मी आकडे लिहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि चांगले ठळक लिहिले.

दुसऱ्या दिवशी पदवीदान. विश्वस्त व्यासपीठावर रांगेत उभे राहून हात मिळवतात. येसेनिया काळा झगा घालून आली, दोन्ही मुली खाली खुर्चीवर उभ्या राहून हात हलवत होत्या. कारमोडीने तिचा हात हातात घेतला. "अभिनंदन! संध्याशाळेची शेवटची तुकडी, नाही का? आता पुढे काय?"

"आत्तापर्यंत डुकरं कापत होते, सर," येसेनिया म्हणाली. "सप्टेंबरपासून तिसरीला शिकवणार आहे."

कारमोडीने हात जरा लवकर सोडला. आणि मागून वर्ला ओरडली. काय ओरडली ते शब्द कोणालाच कळले नाहीत, पण बाहेर गाड्यांमधली सगळी कुत्री भुंकायला लागली. मी रडले. उघड रडले, मला कोणाची चोरी आहे?

जूनमध्ये दूधघर पाडलं. त्याच महिन्यात माझीही जागा प्रतिमेत बसेना असं ठरलं, आणि मला एक केक आणि एक घड्याळ देऊन घरी पाठवलं. जुलैत शाळेच्या जुन्या गाड्यांचा लिलाव होता. तिथे मी सहज गेले, कारण घरी बसून भिंती बघायचा कंटाळा आला होता. पाहते तर कर्ट मेल्बी हात वर करून उभा! त्याने नऊ नंबरची बस घेतली. बायकोला न विचारता घेतली, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

"काय करणार तिचं?" मी विचारलं.

"मला काय माहीत? मिसेस टीगनना विचारा."

शाळेची नसलेली बस पिवळी ठेवता येत नाही, म्हणून वर्लाने तिला हिरवा रंग दिला, मर्लच्या जुन्या ट्रॅक्टरचा उरलेला. दारावरचा दगड कारमोडीने खरोखर पाठवून दिला, एवढं त्याचं मला मानलं पाहिजे. पण तो बसमध्ये चढवायला चार माणसं लागली असती, म्हणून तो तिच्या अंगणात राहिला, आणि बसच्या कपाळावर वर्लाने ती ओळ ब्रशने लिहिली. अक्षर वाकडं, पण लांबून वाचता येतं. आठवड्यातून दोन संध्याकाळी हिरवी बस कॉलेजच्या जुन्या फाटकाशी उभी राहते, संध्याशाळेतली उरलेली माणसं घेते आणि सत्तर मैलांवरच्या सरकारी कॉलेजात नेते. निम्मे विषय पुन्हा करावे लागतात, पण जाता-येता बसमध्ये झोपता येतं आणि गृहपाठही होतो. डिझेलसाठी पुढे कॉफीचा डबा ठेवलाय, ज्याला जमेल तो टाकतो.

आणि पहिल्या दिवशी पुढच्याच सीटवर, त्या बीटाच्या डागाशेजारी, कोण बसलं होतं? मी. हेगलंडमध्ये कर्मचाऱ्यांना शिक्षण फुकट होतं. बावीस वर्षं फुकट होतं, आणि मी दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी. आता पैसे भरून नाव घातलं होतं. म्हणतात ना, घरचं सोडून दारचं.

गावाबाहेर पडलो मात्र, माझं तोंड सुटलं. "वर्ला, काय वेडेपणा हा! या वयात मला कोण शिकवणार? सगळी पोरंटोरं असतील वर्गात. पदवी घेऊन मी करू काय, शवपेटीवर लावू? डोळ्यांना दिसत नाही, गणित तर कधीच येत नव्हतं. थांबव गं, मी इथेच उतरते, कर्टला फोन करते, तो नेईल घरी. थांबव म्हणते ना!"

बस हळू झाली. कडेला गेली. थांबली. वर्लाने हँडल ओढलं आणि दार उघडलं.

मग दोन्ही हात स्टिअरिंगवर. नजर समोर. एक शब्द नाही.

मागे चिडीचूप. कोणी खिदळलंसुद्धा नाही. बाहेर दोन्ही बाजूंना मका डोक्याच्या वर गेलेला, आणि पायरीखाली खडीचा रस्ता. उतरायला कोणी अडवत नव्हतं. मी पर्स उचलली. पुन्हा मांडीवर ठेवली.

"दार लाव बाई," मी म्हटलं. "डास येतायत."

गाडी हलली.